श्रद्धा आणि मोकळे दार

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्या नाशिक जिल्ह्यातील येवले येथे भरलेल्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जाहीर केले, की ज्या धर्मात आपला जन्म झाला त्या धर्मात आपण मरणार नाही. काळाराम मंदिराच्या दारात १९३० साली सुरू झालेल्या सत्याग्रहाची सारी वेदना त्या शब्दांच्या पाठीशी उभी होती. त्यानंतर एकवीस वर्षे त्यांनी विचार केला, निरनिराळे धर्म पारखले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. या काळात त्यांच्यावर टीका झाली, त्यांची मनधरणीही झाली. परंतु 'तुम्हांला जाता येणार नाही' असे त्यांना कोणत्याही न्यायालयाने सांगितले नाही, आणि धर्म सोडला म्हणून त्यांची पत्नी, त्यांचे घर किंवा त्यांचे प्राण हिरावून घेण्याचा अधिकार कोणत्याही कायद्याकडे नव्हता. नाशिकच्या भूमीत उच्चारलेल्या त्या वाक्याचे हे दुसरे महत्त्व आपल्या सहसा ध्यानात येत नाही. धर्म सोडण्याचा मनोदय एक माणूस भर सभेत बोलून दाखवू शकला, आणि ते बोलून तो सुखरूप घरी गेला.

जगाच्या पाठीवर आजही असे देश आहेत, जेथे असे वाक्य उच्चारणारा माणूस सुखरूप घरी जाईल याची शाश्वती देता येत नाही. इराण, सौदी अरेबिया, अफगाणिस्तान, मॉरिटानिया अशा देशांत इस्लामचा त्याग करणे हा देहान्ताचा अपराध ठरू शकतो. या देशांत जन्माने मुसलमान असलेला एखादा माणूस प्रभू येशू ख्रिस्ताकडे ओढला गेला, तर त्याचा स्नानसंस्कार हा त्याच्या शिक्षेचा पुरावा होतो. त्याच्यासंबंधी आपण, नाशिकच्या आणि महाराष्ट्राच्या धर्मग्रामांत निर्धास्तपणे मिस्साला जाणाऱ्या कुटुंबांनी, काय विचार करावा? त्याच्यासाठी प्रार्थना करावी हे तर उघडच आहे. परंतु प्रार्थनेच्या आधी एक प्रश्न सोडवावा लागेल, असे आम्हांस वाटते. माणसाची श्रद्धा कुणाच्या मालकीची असते? त्याची स्वतःची, त्याच्या जातिबांधवांची, राज्याची, की परमेश्वराची?

प्रथम हे छळाचे स्वरूप नीट पाहू. इराणमधील मेहदी दिबाज या माणसाने तरुणपणी ख्रिस्ताचा स्वीकार केला. धर्मत्यागाच्या आरोपावरून त्याने आयुष्याची अनेक वर्षे तुरुंगात काढली आणि डिसेंबर १९९३ मध्ये त्याला मृत्युदंड सुनावण्यात आला. बिशप हाइक होव्हसेपियन यांनी त्याच्यासाठी जगभर आवाज उठविला आणि जानेवारी १९९४ मध्ये दिबाजची सुटका झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत बिशप महोदयांचा खून झाला, आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दिबाजचाही मृतदेह सापडला. न्यायालयाने जे करायचे टाळले, ते अज्ञात हातांनी पुरे केले. कायद्याने एकदा एखाद्या माणसाला वध्य ठरविले, की नंतर त्याला सोडून दिले तरी तो कपाळावरचा शिक्का पुसला जात नाही.

प्रत्येक ठिकाणी फासाचा दोर असतोच असे नाही. मलेशियातील लीना जॉय या स्त्रीचे उदाहरण घ्या. मुसलमान कुटुंबात जन्मलेल्या या स्त्रीने १९९८ साली कॅथलिक ख्रिस्तसभेत स्नानसंस्कार स्वीकारला. तिची मागणी साधी होती : ओळखपत्रावर 'इस्लाम' हा जो शब्द आहे तो काढून टाकावा. तो शब्द असेपर्यंत तिला ख्रिस्ती पुरुषाशी कायदेशीर विवाह करता येत नव्हता. अधिकाऱ्यांनी तिला शरियत न्यायालयाचा दाखला आणावयास सांगितले. म्हणजे ज्या धर्माचे बंधन आपल्यावर नाही असे तिचे म्हणणे होते, त्याच धर्माच्या न्यायासनापुढे तिने परवानगीसाठी उभे राहावयाचे! ३० मे २००७ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तिचा अर्ज फेटाळला. तिला कोणी मारले नाही, तुरुंगात घातले नाही. फक्त तिचे अंतःकरण एकीकडे आणि तिचा कागद दुसरीकडे, असे दोन तुकडे करून तिला जगावयास सोडून दिले.

सुदानमधील मरियम इब्राहिमची कथा याहून विचित्र आहे. तिचा पिता मुसलमान होता. परंतु तिला वाढविले तिच्या ख्रिस्ती आईने. तिने एक धर्म सोडून दुसरा घेतला असेही म्हणता येत नाही. तरीही पित्याचा धर्म तोच मुलीचा धर्म, असे धरून मे २०१४ मध्ये न्यायालयाने तिला धर्मत्यागाबद्दल फाशीची शिक्षा सुनावली. ख्रिस्ती पुरुषाशी झालेला तिचा विवाह रद्दबातल ठरवून तिला व्यभिचाराबद्दल शंभर फटक्यांचीही शिक्षा दिली. पायांत बेड्या असताना तिने तुरुंगात कन्येला जन्म दिला. जगभरातून निषेध झाल्यावर तिची सुटका झाली, आणि जुलै २०१४ मध्ये रोम येथे पोप फ्रान्सिस यांनी तिला आशीर्वाद दिला. २०२० साली सुदानने तो कायदाच रद्द केला. म्हणजे असे कायदे अटळ नसतात. माणसे ते करतात आणि माणसांना ते मोडताही येतात.

या कायद्यांच्या बाजूने जे सांगितले जाते, तेही आपण प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. म्हटले जाते, की धर्म हा समाजाला बांधून ठेवणारा दोर आहे. एकेक धागा सुटू लागला तर दोर तुटेल. म्हणून धर्मत्याग हा केवळ मनाचा निर्णय नसून समाजाशी केलेला द्रोह आहे. या युक्तिवादात भय खरे आहे, परंतु उपाय खोटा आहे. ज्या शस्त्राने बाहेर जाणाऱ्याला अडविले जाते, तेच शस्त्र पुढे आत राहून वेगळा विचार करणाऱ्यावर चालते. त्याच सुदानमध्ये १८ जानेवारी १९८५ रोजी महमूद मोहम्मद ताहा या वृद्ध विचारवंतास धर्मत्यागी ठरवून फाशी देण्यात आली. ते ख्रिस्ती झाले नव्हते. ते मुसलमानच होते आणि कुराणाचा अर्थ अधिक दयाळूपणे लावावा असे सांगत होते. पाकिस्तानात ईश्वरनिंदेच्या कायद्यावर बोलल्याबद्दल २०११ साली दोघांचे प्राण गेले : ४ जानेवारीस पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर यांचे आणि २ मार्चला केंद्रीय मंत्री शाहबाज भट्टी यांचे. त्यांतील एक मुसलमान होते आणि दुसरे कॅथलिक.

याच्या उलट, आपल्याच उपखंडातील एक जुनी गोष्ट सांगण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत पंजाबकडील काही मुसलमान स्त्रिया न्यायालयात जाऊन आपण ख्रिस्ती झालो असे सांगू लागल्या. अनेकींच्या बाबतीत त्यामागे ख्रिस्तावरील श्रद्धा नव्हती. पती छळणारा किंवा सोडून गेलेला असला तरी स्त्रीला घटस्फोट मिळणे अवघड होते, आणि धर्म सोडला की विवाह आपोआप तुटत असे. म्हणून त्यांनी ही वाट धरली होती. यावर उलेमांना त्या स्त्रियांस कठोर शासन करण्याची मागणी करता आली असती. परंतु मौलाना अश्रफ अली थानवी यांच्यासारख्या सनातनी विद्वानाने शोध घेतला तो आपल्याच घरातील उणिवेचा. परंपरेच्याच आधाराने त्यांनी स्त्रीला घटस्फोटाची वाट दाखविली, आणि १९३९ साली मुस्लिम विवाहविच्छेदाचा कायदा झाला. कोणी घर सोडून जाऊ लागला, तर दाराला कुलूप लावण्याआधी घरात काय बिघडले आहे हे पाहावे, हा धडा एका मुस्लिम धर्मपंडिताने घालून दिला. तो आपणही शिकावा असा आहे.

म्हणूनच या विषयावर लिहिताना 'इस्लाम असाच आहे' असे म्हणून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. १९४८ साली संयुक्त राष्ट्रसंघात मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना, धर्म बदलण्याचे स्वातंत्र्य त्यात असावे की नसावे यावर वाद झाला. सौदी अरेबियाने मतदानात भाग घेतला नाही. परंतु पाकिस्तानचे परराष्ट्रमंत्री सर महंमद जाफरुल्ला खान त्या कलमाच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनी आधार दिला तो कुराणाचाच : ज्याला विश्वास ठेवावयाचा आहे त्याने ठेवावा, ज्याला नाही त्याने ठेवू नये, अशा आशयाचा. दैवाचा खेळ असा, की जाफरुल्ला खान ज्या अहमदिया पंथाचे होते, त्या पंथास पाकिस्तानने १९७४ साली मुसलमान मानण्यास नकार दिला.

आता आपण आपल्याकडे वळू. महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात ठाणे येथील चार फ्रान्सिस्कन व्रतस्थांचे रक्त सांडलेले आहे. चीनकडे निघालेले हे धर्मबंधू ठाण्यास उतरले आणि पूर्वेकडील परंपरेच्या एका ख्रिस्ती कुटुंबात राहिले. काझीसमोर झालेल्या वादात त्यांना पैगंबरांविषयी त्यांचे मत विचारण्यात आले; त्यांनी ते सांगितले, आणि एप्रिल १३२१ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांचे सोबती जॉर्डन यांनी त्यांना सोपारे येथे मूठमाती दिली. पुढे प्रवासी धर्मबंधू ओडोरिक त्यांच्या अस्थी चीनला घेऊन गेले. त्यांच्यापैकी तोलेंतिनोचे थॉमस यांना १८९४ साली ख्रिस्तसभेने धन्यवादित घोषित केले. ओडोरिकच्या वृत्तांतात आणखी एक गोष्ट आहे : ही बातमी कानी गेल्यावर दिल्लीच्या मुसलमान राज्यकर्त्याने ठाण्याच्या अधिकाऱ्यास कठोर शिक्षा दिली. ही कथा सांगताना आपण हुतात्म्यांचा गौरव करतो, तो योग्यच आहे. परंतु शेवटची ओळ आपण बऱ्याचदा गाळतो.

आणि ठाण्याची कथा सांगून गोव्याविषयी मौन पाळणे हा तर अप्रामाणिकपणा होईल. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले आणि मध्यंतरीची थोडी वर्षे वगळता ते १८१२ पर्यंत चालले. त्याच्या कचाट्यात मुख्यतः सापडले ते स्नानसंस्कार झालेले लोक. ज्यांचे पाऊल जुन्या धर्माकडे वळले असा संशय होता ते. १७३६ च्या फर्मानाने तर अंगणातील तुळस, नेसण्याची पद्धत, लग्नातील रीतिभाती यांच्यावरही बंदी आली. नामवंत वैद्य गार्सिया द ओर्ता १५६८ साली वारले. १५८० साली त्यांना गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याबद्दल दोषी ठरवून त्यांची हाडे थडग्यातून काढून जाळण्यात आली. धर्म सोडून जाणाऱ्यास दंड करण्याचा कायदा त्या वेळी आपल्या हातात होता, आणि आपण तो वापरला. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या अपत्यांनी सत्याच्या सेवेसाठी बळ वापरले, याबद्दल परमेश्वराची जाहीर क्षमा मागितली. त्या क्षमायाचनेत गोव्याचाही वाटा आहे, असे आम्ही समजतो. तेव्हा हा रोग एका धर्माचा नव्हे. धर्माच्या हाती राजदंड आला, की जो धर्म त्याचा मोह आवरणार नाही त्या प्रत्येकाला तो जडतो.

ख्रिस्तसभेने ७ डिसेंबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेत, धर्मस्वातंत्र्याविषयीच्या घोषणेने याचे उत्तर दिले : धर्माच्या बाबतीत कोणावरही सक्ती होऊ नये, कारण हा हक्क माणसाच्या माणूसपणातच आहे. हे केवळ आधुनिक काळाशी जुळवून घेणे आहे काय? आम्हांस तसे वाटत नाही. शुभवर्तमानात एक श्रीमंत तरुण प्रभूपाशी येतो, त्याची अट ऐकतो आणि खिन्न होऊन निघून जातो. प्रभू त्याच्यावर प्रीती करतो, परंतु त्याच्या मागे धावत नाही. कठीण शिकवण ऐकून अनेक शिष्य सोडून जातात, तेव्हा तो बारा जणांनाही विचारतो, की तुमच्याही मनात जावयाचे आहे काय? धाकटा पुत्र वाटणी मागतो, तेव्हा बाप ती देतो आणि त्याला जाऊ देतो. तो जाऊ शकला, म्हणूनच त्याचे परत येणे हे परत येणे ठरले. बापाने त्याला खांबाला बांधून ठेवले असते, तर पुत्र घरी राहिला असता. पण बापाचा राहिला नसता. ज्या श्रद्धेला 'नाही' म्हणता येत नाही, तिच्या 'होय'ला काय किंमत? धर्मत्यागाला दंड करणारा कायदा परमेश्वराला एकही भक्त मिळवून देत नाही. तो त्याला भयाने हलणारे ओठ मात्र देतो.

येथे आपल्या देशातील एक आक्षेप पुढे येतो. धर्मांतर आमिषाने, फसवणुकीने होत असेल तर कायद्याने का अडवू नये? फसवणूक आणि बळजबरी निषिद्धच आहे, आणि विश्वपरिषदेनेही ती निषिद्ध मानली आहे. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यांचा बारा वर्षांच्या सुमाराचा धाकटा भाऊ श्रीपाद मिशनऱ्यांकडे राहिला, तेव्हा न्यायालयाने त्या बालकास पित्याच्या स्वाधीन केले. अल्पवयीन मुलाविषयी पित्याची चिंता रास्त होती, असे आज आपण म्हटले पाहिजे. परंतु पुढे काय झाले? तो मुलगा मिशनऱ्यांच्या घरी जेवला म्हणून सनातन्यांनी त्याला परत घेण्यास विरोध केला, आणि त्याच्या शुद्धीसाठी झटणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांना मोठा रोष पत्करावा लागला. जाऊ द्यावयाचे नाही आणि आल्यावर घ्यावयाचेही नाही, अशा समाजाच्या उंबरठ्यावर ते मूल उभे होते.

प्रौढ माणसाची गोष्ट मात्र वेगळी आहे. १९६८ च्या मध्य प्रदेशच्या कायद्याविरुद्ध फादर स्टॅनिस्लाउस सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९७७ साली न्यायालयाने तो कायदा उचलून धरला आणि धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क येत नाही असे म्हटले. एकवेळ हेही समजून घेता येईल. परंतु दुसऱ्याला आपल्या धर्मात आणणे आणि आपण स्वतः धर्म बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. काही राज्यांत धर्म बदलू इच्छिणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यास आगाऊ नोटीस द्यावी लागते. अशी अट घालणारी हिमाचल प्रदेशातील तरतूद तेथील उच्च न्यायालयाने २०१२ साली रद्द केली. अंतःकरणातील बदल आधी सरकारदरबारी नोंदविण्याची सक्ती हा खाजगीपणाचा भंग आहे, असे तिचे मर्म होते. आणि २०१८ साली केरळच्या हादिया प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रौढ स्त्रीचा धर्म आणि विवाह हे तिचे स्वतःचे निर्णय असल्याचे सांगितले. ती इस्लाममध्ये गेली होती. इस्लाममधून ख्रिस्ताकडे येणाऱ्यासाठी आपण जो न्याय मागतो, तोच हा न्याय आहे. आपल्याला आवडणाऱ्या दिशेला जाणाऱ्यासाठीच तो मागावयाचा असेल, तर तो न्याय नव्हे. केवळ पक्षपात आहे.

कागदावरचा धर्म आणि काळजातला धर्म यांची फारकत पाहावयास आपल्याला मलेशियापर्यंत जाण्याची गरजही नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. नाशिक आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतील कितीतरी धर्मग्रामांत हा प्रश्न थेट जेवणाच्या ताटापाशी येतो. मुलाच्या दाखल्यावर काय लिहावे, हा विचार करताना आईबापांची झोप उडते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती असून केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचे सांगणे ही राज्यघटनेची फसवणूक आहे असे म्हटले. इराणातील फास आणि आपल्याकडील दाखला यांची तुलना करणे हा हुतात्म्यांचा अपमान होईल. परंतु श्रद्धेची किंमत वसूल करणारा कायदा माणसाला कसा दुभंगतो, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. ज्याला हे दुःख ठाऊक आहे, त्याला लीना जॉयचे दुःख परके वाटू नये.

शेवटी एक कसोटी उरते आणि ती आपल्याच घरातील आहे. समजा, आपल्याच धर्मग्रामातील, आपल्याच घरातील मुलगी उद्या म्हणाली, की मी विचारांती दुसऱ्या धर्मात जात आहे. आपण काय करू? आपण रडू, तिच्याशी बोलू, उपवास करू, तिच्यासाठी मिस्सा अर्पण करू. हे सारे प्रीतीचे अधिकार आहेत. परंतु तिला कोंडून ठेवणे, तिचा वाटा तोडणे, तिच्या आईला तिचे नाव घेण्यास बंदी करणे, नातेवाइकांना तिच्या लग्नास जाऊ न देणे, हे करू का? आपल्या हाती फासाचा दोर नाही, म्हणून आपण निर्दोष ठरत नाही. राज्य जे कायद्याने करते, ते समाज पंगतीतून उठवून करू शकतो. शेषाद्री कुटुंबाने ते भोगले, आणि नाशिकजवळ १८५४ साली वसलेल्या शरणपूरच्या नावातच त्याची आठवण आहे. घर गमावलेल्यांना राहावयास जागा लागते, म्हणून अशी गावे वसवावी लागली.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. श्रद्धा ही राज्याची नाही, जातीची नाही, कुटुंबाचीही नाही. ती परमेश्वराची देणगी आहे आणि ती घ्यावी की परत करावी, याचे उत्तर प्रत्येकाने त्यालाच द्यावयाचे आहे. मध्ये कोणी पहारेकरी बसवू नये. मुसलमान घरातून ख्रिस्ताकडे येऊन छळ सोसणाऱ्या बंधुभगिनींसाठी आपण नाव घेऊन प्रार्थना करावी आणि त्यांच्या हक्कांसाठी निर्भयपणे बोलावे. ते बोलताना मालेगावच्या मागावर बसणाऱ्या, आपल्या शेजारी दुकान चालविणाऱ्या मुसलमान बांधवास इराणच्या न्यायाधीशाबद्दल जाब विचारू नये. त्याने तो कायदा केलेला नाही, आणि ताहा व तासीर यांच्यासारखी त्याच्या धर्मातील माणसेही अशाच कायद्यांपायी बळी पडली आहेत. दर फेब्रुवारीत नाशिकरोडच्या बाळ येशूच्या यात्रेला सर्व धर्मांचे भाविक रांगेत उभे राहतात आणि आत येताना कोणी कोणाचा धर्म विचारीत नाही. आत येणाऱ्याला आपण जी मोकळीक देतो, तीच बाहेर जाणाऱ्यालाही देता आली, तर दूरदेशीच्या त्या बंदिवानासाठी दार उघडा असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला उरेल.